अबोल्याला चालणारं इंग्रजी

आमच्या सासरी भांडण झालं की आरडाओरडा होत नाही. आमच्याकडे अबोला धरतात. सासूबाई होत्या तेव्हा त्यांनीही आपल्या जावेशी तो धरला होता, आणि कसा धरायचा याचे नियम आम्हा दोघी सुनांना त्यांच्याकडूनच मिळाले, दागिन्यांच्या बरेच आधी. बोलणं बंद, पण काम बंद नाही. चहा करायचा, समोर ठेवायचा आणि बशी जरा वाजवायची, म्हणजे समोरचीला कळतं. काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायचं, गॅसच्या सिलेंडरला सांगायचं, नाहीतर घरात तिसरं कुणी असेल त्याला सांगायचं. मराठीत धरला की कानडीतही आपोआप धरला जातो, कारण आमच्या घरात एक वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपतं. आणि सगळ्यात कडक नियम म्हणजे, जी आधी तोंड उघडेल ती हरली.

थोरल्या जावेला मी अक्का म्हणते. त्या मला अगं-तुगं करतात, मी त्यांना अहो-जाहो. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, टॉवेल-चादरींच्या दुकानात दिवसभर बसतात आणि रात्री जेवायला येतात. आमच्या अबोल्याचा विषय निघाला की दोघेही आपण त्या गावचेच नाही असा चेहरा करतात.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात मी भाचीच्या लग्नाला माहेरी, अक्कलकोटला गेले होते. परत आले तर स्वयंपाकघरातला ओटा नवा, कपाटं नवी आणि कोपऱ्यातलं माझं उखळ गायब. काळ्या दगडाचं ते उखळ आईनं मला लग्नात दिलेलं. आमच्याकडे शेंगाची चटणी कुटून करतात. कुटली की दाण्यांना तेल सुटतं आणि चटणीचा गोळा वळतो. मिक्सरमध्ये फिरवली की नुसता भुगा, भाकरीवर ठरतसुद्धा नाही. तर ते उखळ अक्कांनी ओटा फोडायला आलेल्या गवंड्याला देऊन टाकलं होतं. मी विचारलं तर म्हणाल्या, ते आधीच तडकलं होतं. मी म्हणाले, मी गेले तेव्हा चांगलं धडधाकट होतं. त्या म्हणाल्या, तडकलं होतं. मी म्हणाले, नव्हतं. मग दोघींनी एकदमच तोंड फिरवलं आणि अबोला सुरू झाला.

संक्रांतीला मोठी पंचाईत झाली. तिळगूळ देताना बोलणं भाग असतं. अक्कांनी माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि आपल्या सुनेकडे पाहिलं. ती त्यांच्या वतीनं 'गोड बोला' म्हणाली. मी अक्कांच्या हातावर तिळगूळ ठेवला, तेव्हा माझ्या वतीनंही तीच म्हणाली. बिचारी एकटीच दोन्हीकडून गोड बोलत होती.

ही सून शाळेत इंग्रजी शिकवते. दिवसभर पोरांना ओरडून घरी आली की दारातच निरोप तयार असायचे. तुझ्या काकूला सांग, दूध नासलंय. तुझ्या सासूला सांग, दूध नासलं नव्हतं, कुणीतरी लिंबाचा हात लावला. ती सांगायची, न वैतागता, न वाढवता. मी पोस्टात असते तर हिला बढती दिली असती.

फाल्गुनात कळलं की तिच्या नवऱ्याला पुण्यात नोकरी लागली आणि जूनमध्ये दोघंही जाणार. त्या संध्याकाळी ती माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "काकू, मी गेल्यावर या घरात दिवसभर कुकरच्या शिट्टीशिवाय काही ऐकू येणार नाही. मला त्याची खरंच भीती वाटते." मला ते लागलं, खोटं कशाला सांगू. पण तोंडातून आपसूक निघालं, हे तुझ्या सासूला सांग. तिनं सांगितलं. अक्का म्हणाल्या, हे तुझ्या काकूला सांग.

मग तिनं वेगळंच काढलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती म्हणाली की रोज दुपारी मी आईंना इंग्रजी शिकवणार आहे. आई म्हणजे अक्का. अक्कांचं शिक्षण सातवीपर्यंत, माझं दहावीपर्यंत. आता अक्का इंग्रजी शिकणार आणि मी शेजारच्या खोलीत घोरत पडणार, हे मला बघवण्यासारखं नव्हतं. मी पहिल्याच दिवशी जाऊन बसले. पुढं कळलं की अक्कांनाही तिनं तेच सांगितलं होतं, काकू शिकणार आहेत म्हणून.

एप्रिलातली सोलापूरची दुपार म्हणजे बाहेर चिटपाखरू नसतं. कूलर घरघरत असायचा, फ्रिजचं दार हाच फळा आणि त्यावर ती मार्करनं लिहायची. अक्का फ्रिजच्या उजवीकडे, मी डावीकडे, मध्ये ती. साधा वर्तमानकाळ झाला, साधा भूतकाळ झाला. अक्का क्रियापदाची तीन रूपं भाकरी थापताना म्हणायच्या, ईट एट ईटन, गो वेंट गॉन, आणि प्रत्येक रूपाला एक थाप. पाठांतरात त्या माझ्यापेक्षा वरचढ निघाल्या हे मला अजिबात आवडलं नाही.

मग एके दिवशी तिनं फ्रिजवर दोन रेघा मारल्या आणि पास्ट परफेक्ट काढला. म्हणाली, हा आपला पूर्ण भूतकाळ. मी सिलेंडरकडे बघून पुटपुटले की आमचा कुठं पूर्ण झालाय. तिनं दुर्लक्ष केलं. करायला सोपा आहे, म्हणाली. हॅड लावायचं आणि पुढं क्रियापदाचं तिसरं रूप. आय असो, यू असो, शी असो, सगळ्यांना हॅडच, हॅव आणि हॅजसारखे नखरे नाहीत. नकार असेल तर हॅड नॉट. प्रश्न असेल तर हॅड उचलून पुढं आणायचं. आणि वापरायचा कधी, तर मागं घडलेल्या दोन गोष्टी असतील तेव्हा. त्यातली जी आधी घडली तिला हॅड, जी नंतर घडली तिला साधा भूतकाळ. मी होटगी स्टेशनवर पोचले, तेव्हा गाडी गेली होती. आधी काय झालं? गाडी गेली. म्हणून द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड.

मला वाटलं, एवढंच ना. आपण मराठीत ऊठसूट होतं-होते करतोच. मी लगेच वाक्य केलं, यस्टरडे आय हॅड गॉन टु मार्केट. काल मी बाजारात गेले होते.

"मग पुढं काय झालं?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, काही नाही, परत आले.

"मग हॅड नको, काकू. नुसतं आय वेंट. हॅड म्हटलं की ऐकणारा दुसऱ्या गोष्टीची वाट बघत बसतो."

अक्का पदराआड हसल्या. अबोल्यात हसण्याबद्दल नियम नाही, ही सासूबाईंची चूक. मी मनाशी ठरवलं की आता अक्कांचं वाक्य ऐकायचं आणि त्यात खोट काढायची.

पाळी अक्कांची होती. सुनेनं सांगितलं की बिफोर वापरून एक वाक्य करा, आणि खरं घडलेलं सांगा, मनचं नको. अक्कांनी चष्मा वर सरकवला, माझ्याकडे बघायचं टाळून फ्रिजच्या मुठीकडे बघितलं आणि एकेक शब्द सावकाश मांडत म्हणाल्या, "बिफोर यू केम फ्रॉम अक्कलकोट, द उखळ हॅड क्रॅक्ड."

सून हातात मार्कर धरून थिजली. मला सगळ्यात आधी राग आला, मग आपण काय करतोय याचा विचार न करता मी तिसरं रूप शोधायला लागले. गिव्ह, गेव्ह, गिव्हन. "नो," मी म्हणाले. "इट हॅड नॉट क्रॅक्ड. बिफोर आय केम, यू हॅड गिव्हन इट."

"बिकॉज इट हॅड क्रॅक्ड."

"हॅड यू आस्क्ड मी?"

सून हळूच म्हणाली, दोघींचंही बरोबर आहे. म्हणजे व्याकरणानं.

तेव्हा आमच्या दोघींच्या लक्षात आलं की आपण एकमेकींशी बोललो. मार्गशीर्षानंतर पहिल्यांदा, समोरासमोर, यू म्हणून. मी घाबरले. आधी कोण बोललं याचा हिशेब मनात लागला, आणि 'अक्का' असं उत्तर आल्यावर मला आतून गुदगुल्या झाल्या. पण अक्का कच्च्या गुरूच्या चेल्या नाहीत. त्यांनी सुनेकडे तोंड केलं आणि निर्णय देऊन टाकला, "इंग्रजीतलं बोलणं अबोल्यात धरत न्हाईत. उपासाला साबुदाणा चालतो की न्हाय, तसं हाय हे."

यावर वाद घालावा असं मला क्षणभर वाटलं. पण घातला असता तर वर्ग बंद झाला असता, आणि मला अजून बरंच बोलायचं होतं. मी मान डोलावली. भिंतीकडे बघून.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते हसूनच. आम्ही सकाळपासून इंग्रजीत सुरू व्हायचो. बाय द टाइम यू वोक, आय हॅड मेड टी, अक्का ऐकवायच्या. मी म्हणायची, आय हॅड वोकन, आय हॅड नॉट गॉटन अप. इंग्रजीत भांडायला फार वेळ लागतो. रागानं थरथरत तोंड उघडावं आणि थ्रोचं तिसरं रूप आठवू नये, असं झालं की रागाचाच विरस होतो. ते आठवेपर्यंत पोळी करपायची आणि दोघी तिकडे धावायचो. शिवाय इंग्रजीत अहो-जाहो नाही. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा अक्कांना तू म्हणत होते, तेही तोंडावर, आणि त्यांना हरकत घेता येत नव्हती. या एका सुखासाठी मी गृहपाठ करायला लागले.

भाजीवाल्यानं एकदा दारात उभं राहून आमचं ऐकलं. मेथी संपली होती आणि ती कुणी संपवली यावर चर्चा चालली होती. तो आदबीनं म्हणाला, "वहिनी, परदेशी निघालाय व्हय?" अक्कांनी मान किंचित हलवली, धड होही नाही आणि धड नाहीही नाही अशी, आणि त्या दिवशी त्यानं कोथिंबीर जास्त दिली.

सून खूश होती. तिला वाटलं, झालं काम. मलाही वाटलं. उखळाचा विषय रोज निघायचा, उखळ रोज तडकायचं आणि रोज तडकायचं राहायचं, पण विषय निदान निघायचा तरी. मनात धरून बसलेली गोष्ट हॅड लावून रोज बाहेर काढली की तिची धार कमी होते. मी अक्कांना माफ केलं नव्हतं, पण सकाळी उठून त्यांना काय ऐकवायचं याची मी वाट बघायला लागले होते.

जूनमध्ये ती दोघं निघाली. सामानाचा टेम्पो पुढं, मागून गाडी. टेंभुर्णीला चहाला थांबल्यावर तिचा फोन आला, आणि पहिला प्रश्न, बोलताय ना दोघी? मी म्हणाले, येस. त्यात खोटं नव्हतं, सकाळीच अक्का म्हणाल्या होत्या की दे हॅड फरगॉटन द कुकर.

पण दुसऱ्या दिवशी मी सवयीनं सुरुवात केली, तर अक्का गप्प. पुन्हा म्हणाले, तरी गप्प. मग त्यांनी सिलेंडरला समजावून सांगितलं की सवलत वर्गापुरती होती, वर्ग बंद झाला, मास्तरीण गेली. मी सिलेंडरला म्हणाले की असा कायदा कुणी केला. सिलेंडर काय बोलणार.

नंतरचे दिवस वाईट गेले. हे मी हसत सांगू शकत नाही. पहिल्या अबोल्यात राग होता, तो तरी सोबतीला होता. या अबोल्यात राग उरला नव्हता, नुसता हट्ट होता, आणि तो दोघींनाही नको होता. चहा समोर यायचा, बशी वाजायची. दुपारी कूलरच्या आवाजात मी फ्रिजच्या दाराकडे बघत बसायची. त्यावर तिनं मारलेल्या दोन रेघा तशाच होत्या, अक्का त्या पुसत नव्हत्या आणि मीही नाही. एकदा माझ्या तोंडापर्यंत आलं, ऊटा आतेनू, जेवलात का. आमच्याकडे हे दिवसातून किती वेळा विचारतात. मी ते गिळलं. कारण हरायचं कसं, हे मला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

जुलैतल्या एका दुपारी लाइट गेली होती. मी बाहेरच्या खोलीत पडले होते. स्वयंपाकघरातून धाडकन आवाज आला आणि त्यामागून काहीतरी घरंगळल्याचा. मी कशी उठले, कुठली चप्पल पायाला अडकली, काही आठवत नाही. दारातूनच ओरडले, "अक्का! लई लागलं का हो?"

अक्का जमिनीवर बसल्या होत्या. शेजारी स्टूल आडवं, शेंगदाण्यांचा स्टीलचा मोठा डबा उपडा, आणि सगळ्या फरशीवर दाणेच दाणे. त्यांनी माझ्याकडे वर बघितलं. मी मराठीत बोलले होते. ओरडून, नाव घेऊन, आधी. मला आता विजयी मुद्रा बघावी लागणार म्हणून मी अंग चोरून उभी राहिले. अक्का गुडघा चोळत म्हणाल्या, "लागलं न्हाय. दाणे आधी गोळा कर, मुंग्या लागतील."

आम्ही दोघी फरशीवर बसून दाणे वेचायला लागलो. वेचता वेचता बोलायला लागलो, मराठीत, कानडीत, एकदम, एकमेकींचं तोडत. पुण्यात सून नीट जेवते का, त्यावरून तिचा बारीक झालेला चेहरा, त्यावरून भाजीवाला, त्यावरून उखळ. तडकलं होतं. नव्हतं. आता तिसरं रूप आठवायचं नव्हतं, त्यामुळे भांडण कसं झरझर झालं. दाणे कधीच वेचून झाले होते तरी आम्ही उठलो नाही. अक्कांना साधं खरचटलंही नव्हतं, आणि ते स्टूल पडलेलं वाटत होतं की आडवं ठेवलेलं, याबद्दल मला शंका आहे. पण मी ती अजून काढलेली नाही.

खरी परीक्षा रविवारी होती. रविवारी दुकान बंद, दोन्ही पुरुष घरी, आणि सुनेचा व्हिडिओ फोन. फोन अक्कांच्या हातात होता, मी मागं खुर्चीवर. सुनेनं आम्हाला बोलताना ऐकलं आणि किंचाळायचीच बाकी राहिली. मग अर्थातच विचारलं, आई, आधी कोण बोललं? टीव्हीसमोर बसलेल्या दोघा भावांनी माना वळवल्या. त्यांनाही ते हवं होतं. अबोला संपल्याचा आनंद एक, पण हरलं कोण हे कळल्याशिवाय आमच्या घरात कुणाला झोप लागत नाही.

मी खाली बघितलं. अक्का म्हणजे साधी रांगोळी बरी आली तरी गल्लीभर सांगणार. आता हे त्या माझ्या नवऱ्यासमोर, आपल्या मुलासमोर, दर संक्रांतीला सांगणार, हे मला दिसत होतं.

अक्कांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. घसा साफ केला आणि फ्रिजसमोर बसल्यासारखा पाठ ताठ करून म्हणाल्या, "आय हॅड स्पोकन बिफोर शी स्पोक."

मग सून म्हणाली, "आई, तुम्ही? खरंच?"

"व्हय. मीच बोलले आधी," अक्का म्हणाल्या. "ही कशाला बोलतीय. हिचा हट्ट म्हाईत न्हाय का तुला."

माझे थोरले दीर अक्कांकडे बघतच राहिले. माझा नवरा हसला आणि मला अभिमानानं म्हणाला की शेवटी तू जिंकलीस तर. मी चहाचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. आईनं दिलेलं उखळ गेलं त्या दिवशीही मी रडले नव्हते.

थोड्या वेळानं अक्का आत आल्या. त्यांनी आधी नळ बंद केला, पाणी वाया जातंय म्हणून. मग डब्यातले मूठभर दाणे घेतले, अर्धे माझ्या हातावर ठेवले आणि अर्धे आपण खायला लागल्या. मी विचारलं, "अक्का, खोटं का सांगितलंत?"

त्यांनी दाणा नीट चावला, गिळला. म्हणाल्या, "ग्रामर बरोबर हुतं की."